राखेवर थेंब नाही

१

अय्यूब मिस्तरीला दोन प्रकारची माणसं डोळ्यासमोर नको असायची. गाडी बंद पडली की तिला लिंबू-मिरची बांधणारी, आणि काय बिघडलं ते स्वतःच सांगत येणारी. देवीलाल राठोड त्या दिवशी दोन्ही करून आला होता.

"मिस्तरी, इंजनात काही खराबी नाही," गाडीतून उतरता उतरताच तो म्हणाला. "तिले फक्त तहान लागते."

"मंग माह्याकडं कायले आणली? पाणपोईवर न्यायची," अय्यूब म्हणाला. "आन् ते लिंबू काढ पहिले. अठी मांत्रिकाचं दुकान नाही लावलं मी."

छप्पन साल होतं. रमजान ऐन चैत्रात आलेला, आणि दिग्रसचा चैत्र म्हणजे भट्टीचं उघडं दार. पहाटे सहरीला प्यालेलं पाणी सकाळचं काम सुरू होईस्तोवर घामावाटे निघून जायचं. जिनिंगच्या भिंतीमागं, कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर टाकलेलं, तेच अय्यूबचं वर्कशॉप. तिथं बसून रोजा धरणाऱ्याची जीभ गोड राहावी ही अपेक्षाच चूक. तशी ती एरवीही नसायची.

गाडी मात्र बघत राहावी अशी. लढाईच्या आधीची विलायती, काळी, लांब नाकाची. केळापूरकडच्या एका बड्या घरच्या कोठ्यात ती कितीतरी वर्षं पडून होती. देवीलालच्या आज्या-पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून सगळा मुलूख तुडवलेला. देवीलालनं बैल विकले आणि ही घेतली. म्हणायचा, लमाणानं बैल सोडले तरी चालतात, वाट सोडू नये. नवरदेव, बाजारकरी, आजारी माणसं, जे मिळेल ते तो वाहायचा. पण चढ आला की गाडी तापायची आणि पाणी मागायची. बादली ओतली की पुढच्या चढापर्यंत गप्प.

एरवी अय्यूबनं त्याला चार चकरा मारायला लावल्या असत्या. पण या खेपेला गरज त्याचीच होती. त्याची जैबुन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती, नंतर झालीच नाहीत. बापाचा सगळा जीव त्या एकटीत. आता तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. गावच्या डॉक्टरानं बजावलं होतं, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि बसच्या धक्क्यांनी नका नेऊ. दिग्रसात मऊ गादीची गाडी, अन् "घेऊन जा" म्हणणारा मालक, एवढा एकच होता.

"ईदेच्या आत हिले थंडी करून देतो," अय्यूब म्हणाला. "मंग पहिली खेप माह्या जैबुनची."

"त्यात काय इचारनं हाये, मिस्तरी," देवीलाल म्हणाला. पण म्हणताना तो गाडीच्या मागच्या सीटकडं बघत होता, अय्यूबकडं नाही.

२

गाडी का तापते याचा अय्यूबचा हिशोब सोपा होता. पाणी गळतं, नाहीतर अडतं, नाहीतर जळतं. चौथं काही नसतं. हे त्याला त्याच्या उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं.

गळतं का, म्हणून त्यानं रेडिएटर उतरवून हौदात बुडवला, फुंकर घातली. एक बुडबुडा नाही. अडतं का, म्हणून पाइप सोडले, पंप उघडला, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला. पाणी खळाळत वाहिलं. जळतं का, म्हणून इंजिनाचं हेड उतरवलं. आतला पत्रा शाबूत, तेलात पाण्याचा अंश नाही, धूरही पांढरा नाही. म्हातारीचे सगळे अवयव ठणठणीत. अय्यूबनं पाना आपटला आणि कोणालाही उद्देशून नसलेली एक शिवी हासडली.

दोन गोष्टी तेवढ्या त्याला खटकल्या. गाडीवर सगळीकडं धुळीचा थर होता. रेडिएटरचं तोंड मात्र एका कडेला लख्ख. रोज ओठाला लागणाऱ्या पितळी पेल्याची कड असते तसं. आणि दुसरं, मागच्या दारांना आतून मुठी नव्हत्या. मोडलेल्या नव्हेत, काढलेल्या. भोकं रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवून वरून काळा रंग दिलेला. काच खाली करायचा दांडाही नाही.

"हे तू केलं?" त्यानं देवीलालला विचारलं.

"घेतली तवापासून असंच हाये. मी कायले करू?"

"पोट्टे दार उघडून पडत असन चालू गाडीतून. म्हनून केलं असन." अय्यूबनं उत्तर दिलं, तेही स्वतःलाच. मग घाम पुसून तो पुन्हा इंजिनाकडं वळला. दारांचं काम त्याच्याकडं नव्हतं.

३

जुम्याच्या दिवशी त्यानं गाडी जोडून सावलीत लावली आणि रेडिएटर काठोकाठ भरला. इंजिन चालू केलंच नाही. मग घरून आणलेली चुलीची राख चाळून त्यानं गाडीच्या नाकाखाली बोटभर पसरली. थेंब पडला तरी राखेत डाग उठतो, आणि डागावरून गळती कुठं ते कळतं. ही युक्ती त्याची स्वतःची होती अन् तिचा त्याला मोठा तोरा होता.

नमाज पढून तो परत आला, टोपण काढलं, बोट घातलं. बोट कोरडं. तार सोडली. पाणी वीतभर खाली गेलं होतं.

तो गाडीखाली आडवा झाला. राख चाळली होती तशीच होती. भुरभुरीत, कोरडी, सपाट. एक थेंब नाही.

त्यानं राख चिमटीत घेऊन जिभेशी नेली आणि मग रोजा आठवून थुंकून टाकली. उन्हानं आटलं म्हणावं तर गाडी सावलीत. वाफ म्हणावं तर इंजिन गार. गळत नाही, अडत नाही, जळत नाही. उस्तादानं चौथं काही शिकवलं नव्हतं.

"तुमचंच डोकं तापलं असन," घरी खैरुनबी म्हणाली. ती जैबुनच्या पायांना तेल चोळत होती. "एवढ्या उन्हात कोन रोज्याचं काम करते? थोडं पडून राहा ना."

"मशीन कधी खोटं बोलत नाही," अय्यूब म्हणाला.

"मंग ऐका ना ते काय बोलून राह्यलं ते."

बायको टोमणा मारत होती. पण बोलली ते मिस्तरीच्या कामाचंच होतं.

४

इंजिन ऐकायची त्याची रीत जुनीच. लांब पेचकसाचं टोक लोखंडावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाच्या भोकावर. आत कुठली गोळी घासते, कुठला व्हॉल्व्ह टकटक करतो, ते डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. अर्थात चालू इंजिनाचं. बंद इंजिन ऐकणारा मिस्तरी वेडाच म्हणायचा. म्हणून अय्यूबनं आधी आजूबाजूला पाहिलं. दुपार टळली होती, जिनिंग बंद होतं, झाडावर कावळाही नव्हता.

त्यानं पेचकस रेडिएटरला टेकवला.

काहीच नाही. मग, घट्.

थोडा वेळ शांत. मग घट्, घट्. मग लांब श्वास, नाकातून घेतल्यासारखा. आणि पुन्हा घट्.

अय्यूबनं मूठ कानापासून दूर केली. सगळीकडं सामसूम. आपलाच घसा वाजतो, त्याला वाटलं. रोज्याचा घसा, वाजणारच. पण गिळायला तोंडात थुंकी तरी कुठं होती? जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं श्वास रोखला, जबडा घट्ट मिटला आणि मूठ पुन्हा कानाला लावली.

घट्. घट्. घट्. आता घाई होती. बरेच दिवस पाणी न मिळालेलं माणूस पितं तशी.

"कोन हाये बे?" तो ओरडला.

आवाज थांबला. संपला नाही, थांबला. कोणीतरी तोंडातला घोट तसाच धरून गप्प बसावं, तसा. अय्यूबला भीती वाटली. चक्क भीती, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. आणि त्या भीतीचा त्याला इतका संताप आला की त्यानं पेचकस भिंतीवर फेकून मारला.

५

संतापातून त्याला एक उत्तर सापडलं, आणि ते त्यानं घट्ट धरलं. चोर! दुसरं काय? जिनिंगमधला कोणी हमाल. लोकांसमोर रोजा दाखवायचा आणि मिस्तरी नमाजला गेला की रेडिएटरला तोंड लावून प्यायचं. म्हणून ती लख्ख कड. घट्घट् म्हणजे रोज्यानं वाजणारे कान.

हमाल गंजकं पाणी कशाला पिईल, रांजण दोन हातांवर असताना? हा प्रश्न त्याला सुचला नाही असं नाही. त्यानं त्याला उभंच राहू दिलं नाही.

कथील वितळवून त्यानं रेडिएटरचं टोपण तोंडाला झाळून टाकलं. गोल, सबंध, सुईसुद्धा जाणार नाही असं. वाफेसाठी बाजूची बारीक नळी तेवढी मोकळी ठेवली. वर टिचकी मारली. भरल्या घागरीसारखा भद्द आवाज आला.

"आता प्या लेकहो," तो म्हणाला.

देवीलालला घेऊन त्यानं गाडी आर्णीच्या रस्त्यावर दामटली. चढ आला, गेला. दुसरा आला, गेला. गरमीचा काटा जागचा हलला नाही. अय्यूब लहान पोरासारखा मांडीवर थापा मारत होता. "काहून बे? तहान लागते म्हने! गेली ना तहान?"

देवीलाल हसला नाही. वर्कशॉपला पोचताच तो उतरून रांजणापाशी गेला आणि तांब्यामागून तांब्या पीत सुटला. पाणी दाढीवरून छातीवर ओघळत होतं तरी थांबेना.

"हे गाडी आज लय सुकवून राह्यली, मिस्तरी," तो धापा टाकत म्हणाला. "आतून सुकवून राह्यली."

"ऊन हाये बापा," अय्यूब म्हणाला. त्याची स्वतःची जीभ चामड्यासारखी झाली होती, ओठाला चीर पडून रक्त आलं होतं. पण तो रोज्यात होता. त्याला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

६

निघायचं ठरलं त्या सकाळी देवीलालची आई तांड्यावरून चालत आली. बिजलीबाई. दंडभर पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर ओढणी, हातात पाण्यानं भरलेला लोटा. गाडी लांबच्या वाटेला लागायची तेव्हा ती यायचीच. चाकापुढं मातीत लोटाभर पाणी ओतायची आणि मग गाडीला हात लावून बाजूला व्हायची. तिची सासूही बैलांपुढं असंच पाणी ओतायची म्हणे. वाटेत जे मागं राहिले त्यांच्या नावानं.

तिनं लोटा कलता केला आणि अय्यूबनं तिचा हात धरला.

"कायले मातीत घालता, बाई? पोरगी हाये सोबत, वाटेत घोटभर मिळाला तं कामी येईन." त्यानं लोटा घेऊन गाडीच्या पुढं लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागलीत रिकामा केला आणि छागलीचं बूच गच्च बसवलं.

बिजलीबाई रिकाम्या लोट्याकडं बघत राहिली. मग तिची नजर झाळलेल्या टोपणावर गेली.

"तोंड बंद केलं तू तिचं?"

"गाडीचं केलं."

"मिस्तरी," म्हातारी म्हणाली, "प्यायचं राहून गेलं त्याले पाजावं. कोन हाये ते इचारू नये. तू तं पानीबी घेतलं आन् तोंडबी बांधलं."

"याडी, तू घरी जा," देवीलाल घाईनं आपल्या आईला म्हणाला. पण गाडी सुरू करायच्या आधी त्यानं एकदा मागच्या सीटकडं पाहिलं.

मागच्या सीटवर जैबुन उशीला टेकून बसली होती, पलीकडच्या खिडकीशी खैरुनबी. तिनं काचेतून बापाकडं बघून हसल्यासारखं केलं. अय्यूबनं दार बाहेरून लावलं. आतून उघडायची सोय नव्हतीच.

७

गाडी सुरेख चालली. एवढी सुरेख की अय्यूबला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि तो अभिमान त्याला कोणाला तरी ऐकवायचा होता. देवीलाल ऐकत नव्हता; तो कपाळावर आठ्या घालून चाक धरून होता. म्हणून अय्यूबनं काट्याकडं बघतच मागं आवाज दिला.

"पाह्य बेटा, बापाचं काम! एक डिग्री वर नाही."

"अब्बा, पानी," जैबुन म्हणाली.

सुराही खैरुनबीच्या पायाशी होती. दारव्हा मागं पडायच्या आत ती संपली. दारव्ह्याला देवीलालनं ती भरून आणली. ती जरा वेळानं संपली. "आताच तं पाजलं हिले," खैरुनबी म्हणत होती. "आताच तं पाजलं, मंग हिचे ओठ कोरडे काहून?" मग तीही बोलायची थांबली. गाडीत उकाडा नव्हता. उलट इंजिनाकडून पायाशी गारवा येत होता, मातीच्या नव्या माठातून येतो तसा.

यवतमाळच्या अलीकडचा चढ लागला. सागाची झाडं निष्पर्ण, रस्ता पांढरा. आणि त्या चढावर अय्यूबनं तो आवाज ऐकला. पेचकस नव्हता, कानाला मूठ नव्हती. मागून येत होता, सीटवरून.

घट्. घट्. घट्.

पितेय, त्याला वाटलं. बरं झालं. त्यानं वरच्या आरशात पाहिलं. जैबुनच्या तोंडावर कोणीतरी वाकलं होतं. बारीक मान, मानेला चिकटलेले केस. झऱ्याला तोंड लावताना माणूस वाकतं तसं वाकलं होतं.

"खैरुन, तिले नीट बसव. श्वास घेऊ दे तिले," तो म्हणाला.

"हं?" खैरुनबीचा आवाज आला. झोपेतला, आणि पार दुसऱ्या खिडकीकडून. "काय म्हनलं? डोळा लागलता माहा."

"गाडी थांबव!"

अय्यूबनं उडी टाकून मागचं दार उघडलं. आत दोघीच होत्या. जैबुनच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते, डोळे खोल गेले होते. सुराही तिच्या मांडीवर आडवी, कोरडीठाक.

"अब्बा, मी नाही पिली," ती म्हणाली. "एक घोट बी माह्या आत नाही गेला."

तो पुढं धावला. छागल बुचासकट लटकत होती, चपटी, कापड उन्हानं कडक झालेलं. त्यात बिजलीबाईचा लोटा ओतला होता ना? त्यानं रेडिएटरवर हात ठेवला. एवढा चढ चढून आलेलं लोखंड रांजणासारखं गार होतं. टिचकी मारली, भद्द. भरलेलं.

"मिस्तरी, तोंड खोल," देवीलाल म्हणाला. त्यानं पेटीतून छिन्नी-हातोडा काढूनच आणला होता. "हात जोडतो. तिले पिऊ दे."

"तिले म्हंजे कोनाले?"

"जिले आतून दार उघडता नाही आलं, तिले," देवीलाल म्हणाला आणि त्यानं छिन्नी त्याच्या हातात दिली.

छिन्नी हातात होती, दोन घावांचं काम होतं. अय्यूब तिथं उन्हात उभा राहिला आणि त्याला वाटलं, हा टाका तोडला तर मी मानलं. लिंबूवाल्यांचं मानलं, म्हातारीचं मानलं, आणि चौथं काहीतरी असतं हेही मानलं. शिवाय गाडी पहिल्यांदाच थंडी चालली होती. यवतमाळ समोर दिसत होतं. पोरीला तिथं हवं तेवढं पाणी मिळेल.

"चाल," तो म्हणाला. "वेळ नको घालवू. गाडी थंडी हाये."

८

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

"मुलगी वाचेल," त्या म्हणाल्या. "पोटातलं पाणी कधी गेलं तिचं?"

खैरुनबीला कळेना. "कोनतं पानी?"

"बाळाभोवती असतं ते. पूर्ण गेलेलं आहे. बाळ आत कोरडं पडलं होतं. मुलगा होता." त्यांनी खैरुनबीकडं पाहिलं. "एवढं पाणी गेलं म्हणजे कपडे भिजले असतील, गादी भिजली असेल. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"नाही भिजली," खैरुनबी म्हणाली. "मी पाह्यली ना गादी. तिचे कपडे बी मीच बदलले. कोरडे होते." आणि मग ती नवऱ्याकडं वळली. रडत नव्हती. "तुमचं इंजन तं थंडं राह्यलं ना?"

अय्यूब बाहेर आला. पाणी गेलं, आणि गळलं नाही, अडलं नाही, जळलं नाही. गादीवर थेंब नाही. तीच परीक्षा होती, आणि ती त्यानं आधी एकदा राखेवर घेतली होती.

गाडी आवारातल्या चिंचेखाली उभी होती. देवीलाल लांब, भिंतीशी उकिडवा बसला होता. जवळ आला नाही. अय्यूबनं छिन्नी उचलली. दोन घावांत टाका सुटला आणि टोपण घरंगळून मातीत पडलं. आत पाणी नव्हतं. तळापर्यंत काळं आणि कोरडं.

दूरच्या मशिदीतून मगरिबची अजान आली. दवाखान्याच्या चौकीदारानं, रोजेदार दिसला म्हणून, एक खजूर आणि लोटाभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. अय्यूबनं लोटा ओठाशी नेला. घसा जळत होता. मग त्यानं तो तसाच खाली घेतला आणि सगळंच्या सगळं पाणी रेडिएटरच्या तोंडात ओतलं. सावकाश, लेकराला पाजावं तसं.

पेचकस पेटीत होता. त्याचा हात आपसूक गेला. टोक लोखंडाला, मूठ कानाला.

बराच वेळ काही नाही. मग, घट्. तोच मोठा घोट, तोच नाकातून घेतलेला श्वास.

आणि त्याच्या मागोमाग, घाईघाईनं, एक अगदी इवलासा.